तेरा मीटर रूळ

भिंतीला नवं भोक पाडायचं नाही,
पाद्री लिगोर आधीच म्हणाले.
आत चिरा, वर चुना,
आणि चुना कोणाचं ऐकत नाही.
जुन्या दिव्यांचे हूक काढले तिथे बारा भोकं होती,
एका ओळीत, जरा वाकड्या ओळीत.
त्यांतच ब्रॅकेट बसवले. रूळ तेरा मीटर.

चाकं सरकत्या खिडकीची, मडगावच्या भंगारातली.
पट्टा एका मेलेल्या झेरॉक्स मशीनचा.
मोटर मारुती व्हॅनच्या वायपरची.
सगळा जन्म घाईघाईत पाणी पुसण्यात गेला तिचा,
आता तिला शिकवायचं होतं हळू जाणं.

हळू म्हणजे किती, मी विचारलं.
पाद्रींनी मधल्या वाटेने चालून दाखवलं,
शवपेटीमागून चालतात तसं.
मी मोबाईलवर वेळ लावली: तीन मिनिटं दहा सेकंद.

पहिल्या रविवारी
घंटा वाजली, असोळण्याची सगळी इगर्ज गुडघ्यांवर,
आणि त्या शांततेत माझी मोटर
दात खाऊ लागली.
लुर्दीन आजीने वटवाघूळ समजून पदर नसलेल्या डोक्यावर हात घेतला.
मी, कवळ्याचा रोहिदास च्यारी, दाराआड उभा,
हातात स्क्रूड्रायव्हर,
त्यांच्या धर्मातला पहिला कबुलीजबाब द्यायला तयार.

मग आठवडाभर ग्रीस, सायकलची ट्यूब, नवे बेअरिंग.
काही चालेना.
शेवटी कॉयरच्या मास्तरांनी आपली फेल्टची टोपी दिली,
लग्नातली.
ती कापून मोटरखाली घातली.
त्यानंतर ती एक अक्षर बोललेली नाही.

थांबे ठरले होते: आल्तार, प्रवचनाची जागा, कॉयर.
एक मी चोरून घातला.
तिसऱ्या खांबाआड पेर्पेत मावशी बसते.
मुलगा तेलाच्या जहाजावर. कुठे, तिला सांगता येत नाही.
तिथे आत्ता रात्र आहे, एवढंच सांगते.
दोन सेकंद थांबला कॅमेरा, तर कोणाला कळणार?

चौथ्या रविवारी त्या बाकावर सात बायका.
सातींची मुलं जहाजांवर.
इस्त्रीचे झगे, पावडर,
आल्तार डावीकडे
आणि सात तोंडं उजवीकडे, भिंतीकडे वर.
पाद्री प्रवचनात खोकले. दोनदा.

थांबे काढून टाकले.
आता तो सगळ्यांवरून सारखाच जातो,
पंख्यांवरून, टकलांवरून, झोपलेल्या पोरांवरून.
मावशी माझ्याशी महिनाभर बोलली नाही.

मग जहाजावरून रेमेडियोचा फोन आला.
आवाज तुटत होता. मला वाटलं, आईसाठी भांडणार.
तो म्हणाला, मीस संपल्यावर बंद करू नका.
मागे एकदा मी विसरलो होतो;
कॅमेरा रिकाम्या बाकांवरून
आपल्या जागी परत गेला होता, एकटाच.
तसाच जाऊ द्या, म्हणाला.
बाजूचं दार उघडं असतं तेव्हा.
दारातून आमचं खाजन दिसतं,
बांध दिसतो, मानस दिसते.
किती वेळ?
तीन सेकंद.

मग विचारलं,
मानशीची डावी फळी तिरकी का आहे?

मी ओहोटीला चिखलात उतरलो.
फळी तळाशी कुजली होती, बोट आत जाईल इतकी.
खारं पाणी भातात शिरायला
एक मोठी भरती पुरली असती.

मावशीच्या दारात गेलो, विचारलं,
नवी करतो, पण जुनीची उंची किती होती?
ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.
हात मात्र उचलला, हवेत एका ठिकाणी धरला.
रेमेडियोच्या खांद्याएवढी, म्हणाली.
दहावीत होता तेव्हाच्या.

मी खिशातून टेप काढली
आणि तिच्या हातापासून जमिनीपर्यंत मोजलं.